पॉइंट झिरो टू

साडेपाचला कर्मशाळेचं शटर ओढायचं,
किल्ली ऑफिसात टांगायची, रजिस्टरवर सही.
एकवीस वर्षं हेच.
गेल्या ऑगस्टपासून शटर अर्ध्यावरच थांबवतो.
खालून वाकून आत येतात ती पोरं
ज्यांच्या मार्कशीटवर एखादाच विषय अडकलाय.

यादी माझी नव्हे. परीक्षा विभागातल्या शहाणे बाईंची, खिडकी तीन.
फॉर्मची मुदत संपायला चार दिवस असताना
त्या स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावत बसल्या:
अरे, फॉर्म भरला नाहीस. का?
त्या खिडकीतून आजवर 'उद्या या' एवढंच बाहेर आलेलं.
'का' ऐकून पोरं आधी गप्पच झाली.
मग एकेक निघायला लागलं:
फीला साडेचारशे कमी पडले.
रात्रपाळी होती, पेपरच्या दिवशी डोळा लागला.
एक म्हणाला, मॅडम, मला वाटलं
राहिला म्हणजे राहिलाच.

मतीन तांबोळी रात्री दोनपर्यंत
कोथरूड ते बाणेर लोकांची जेवणं पोचवतो
आणि सकाळी ड्रॉइंगच्या तासाला
पेन्सिल हातात धरून झोपतो.
रेघ मात्र झोपेतही सरळ.

मी शिकवतो काय, तर मोजायला.
आधी फडकं घे. व्हर्नियरचे जबडे पूस, शाफ्ट पूस.
मग हलक्या हातानं टेकव, आवळू नकोस.
आवळलंस की माप तुझ्या मनासारखं येतं,
आणि ते तिथेच, तुझ्या मनातच बसतं.
चाकणला कुणी व्याख्या विचारत नाही.
हातात तुकडा देतात, विचारतात, बसेल का?
पॉइंट झिरो टू.
केसाला उभं चिरलं तर निघेल एवढं.
तेवढ्यानं बेअरिंग तापतं,
तेवढ्यानं अख्खी पेटी परत येते.

ड्रॉइंगवर मापाशेजारी अधिक-उणे लिहिलेलं असतं:
इतकं चुकलं तर चालेल.
वर्षाशेजारी तसं कुणी छापत नाही.
काही घरांत चुकलेलं वर्ष
काकांच्या दुकानात बसून निघून जातं.
सुगंधा भालचिमच्या घरी, तिकडे आंबेगावच्या डोंगरात,
तीनच वर्षं मोजून काढलेली.
धाकट्याची अकरावी तिच्या पहिल्या पगाराला टेकून उभी.
चौथं वर्ष त्या घरात शिरलंच नसतं,
कुठल्याही बाजूनं घासलं तरी.

मध्येच प्राचार्यांचं पत्र:
वीजबिलात वाढ, खुलासा करावा.
मी लिहिलं, सदर वाढ अकरा विद्यार्थ्यांमुळे झाली असून
ती मे महिन्यात आपोआप कमी होईल.
त्यावर शेरा आला नाही.
पंधरा दिवसांनी दोन नवे दिवे आले.

अकराचे दहा झाले. वैभव ढोणे आला नाही.
दोनदा फोन, तिसऱ्यांदा नंबर बंद.
मतीननं सांगितलं, वाघोलीच्या गोदामात दिसला, खोकी उचलताना,
बघितलं आणि मान वळवली.
शहाणे बाईंनी नाव खोडलं नाही.
पेन्सिलीनं पुढच्या सेमिस्टरच्या पानावर उतरवलं.
लेथ नंबर चार रिकामा राहिला,
त्याला मी रोज तेल घालतो.

काल दुपारी भालचिमचा फोन.
मागे कंपनीचा भोंगा, अर्धं ऐकू येईना.
सर, त्यांनी टेबलावर शाफ्ट ठेवला.
पाच जण होते. चौघांनी लगेच मोजायला घेतलं.
मग?
मी आधी फडकं मागितलं.
मग?
मोजलं. म्हटलं, बसणार नाही.
साहेब काही बोललेच नाहीत, सर. दुसरं फडकं आणायला सांगितलं.

सोमवारी बोलावलंय. मूळ मार्कशीट घेऊन.
मी खिडकी तीनवर गेलो.
शहाणे बाई चष्मा पुसत होत्या, वर न बघता म्हणाल्या,
तिलाच येऊ दे.
सही तिची लागते.